नाममुद्रेवाचूनचे कवी

कचेरीत मसुदा एक जण लिहितो आणि सही दुसऱ्याची होते, ह्यात आपल्यापैकी कोणाला नवल वाटणार नाही. नस्तीवर वर्षानुवर्षे टिपणे लिहिणाऱ्या माणसाला आपली वाक्ये वरिष्ठांच्या मुखातून, कधी तर थेट सभागृहातून, ऐकण्याचा प्रसंग येतोच. तो आपल्या जागी मुकाट्याने बसून असतो. वाक्य आपले आहे हे त्याला ठाऊक असते, परंतु तसे म्हणण्याची सोय नसते. चित्रपटांची आणि तबकड्यांची गाणी लिहिणाऱ्यांचा इतिहास वाचताना हेच चित्र वारंवार डोळ्यांपुढे येते. फरक एवढाच, की कारकुनाच्या मसुद्याला कोणी काव्य म्हणत नाही आणि त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. दुसऱ्याच्या गळ्यासाठी गाणे लिहिणाऱ्या कवीने ह्या धंद्यात पाऊल कसे टाकले, उंबरठ्यावर त्याच्याकडून काय मागून घेण्यात आले आणि ते परत मिळविण्यास किती काळ लागला, ह्याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

एकाने रचावे आणि दुसऱ्याने गावे ही रीत आपल्याकडे जुनी आहे. होनाजी शिलारखाने हा गवळी कवने करी आणि बाळा कारंजकर ती गाई. दोघांचा फड इतका एकजीव, की 'होनाजी बाळा' हे एकाच माणसाचे नाव असावे असा समज आजही पुष्कळांचा असतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शाहीर लावणीच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत असे. संतांच्या अभंगात ही नाममुद्रा होती आणि गझलेच्या अखेरच्या शेरातही शायराचे उपनाम येते. मुद्रणालय नव्हते, कायदा नव्हता, तेव्हा कवीचा हक्क हाच होता. कोणीही गावे, कोठेही गावे, गाणे संपताना गाणाऱ्याला कवीचे नाव घ्यावेच लागे. कर्त्याची सही कृतीतच कोरलेली असे आणि ती पुसावयाची तर कडवेच मोडावे लागे.

अर्थात नाव राहिले म्हणून पोट भरले असे झाले नाही. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), ह्यांचे उदाहरण महाराष्ट्र विसरलेला नाही. ब्राह्मणाच्या, त्यातही कुलकर्ण्याच्या घरात जन्मलेला हा माणूस घर आणि जात दोन्ही मागे टाकून तमाशाच्या फडात गेला. त्याच्या लावण्या पवळाबाईंच्या गळ्याने आणि पायांनी गावोगाव पोचल्या. त्याची नाममुद्रा लोकांच्या ओठावर होती, परंतु अखेरची वर्षे पुण्यात दारिद्र्यात गेली. नाव ही एक गोष्ट आणि मिळकतीतला वाटा ही दुसरी, हा धडा येथेच मिळतो. पुढच्या काळात कवीच्या हातून दोन्ही गेली.

मधला टप्पा संगीत रंगभूमीचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरीतले होते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. नाटकाच्या छापील पुस्तकात प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि 'चाल' अशी नोंद असे. ह्या छोट्याशा नोंदीत पुढच्या साऱ्या धंद्याचे बीज आहे. चाल आधी आहे, ती लोकांच्या कानांत बसलेली आहे आणि कवीने तिच्या मापाचे शब्द बेतावयाचे आहेत. १९११ साली 'मानापमान' आले तेव्हा ही रीत अधिकच पक्की झाली. गोविंदराव टेंब्यांनी उत्तर हिंदुस्थानी ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली पुढे ठेवल्या आणि 'केसरी'त वर्षानुवर्षे अग्रलेख लिहिलेल्या काकासाहेब खाडिलकरांनी त्यांत शब्द बसविले. गायले बालगंधर्व. ते पद लोकांनी बालगंधर्वांचे म्हणून हृदयाशी धरले. तरीसुद्धा खाडिलकरांचे नाव पडले नाही, कारण पदाचा कर्ता आणि नाटकाचा कर्ता एकच होता. नाटकाच्या जाहिरातीवर, पुस्तकावर आणि इतिहासात त्यांची जागा होती. नाटककार आणि पदकार ह्यांची फारकत झाली असती, तर काय झाले असते? त्याचे उत्तर बोलपटाने दिले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' झळकला आणि दुसऱ्याच वर्षी 'इंद्रसभा'सारख्या बोलपटात सत्तर-एकाहत्तर गाण्यांचा पाऊस पडला. एवढी गाणी लिहावयाची कोणी? कंपनीत एक मुन्शी असे. तो संवाद लिही, प्रसंगी कथा लिही आणि गाणीही लिही. सुताराला आणि रंगाऱ्याला पगार मिळे तसा त्यालाही मिळे. ह्या नोकरीत शिरण्याची वाट नेहमी सरळ असे असेही नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये केदार शर्मा प्रथम पडदे आणि भित्तिचित्रे रंगविण्याच्या कामावर लागले. पुढे १९३५ च्या हिंदी 'देवदास'चे संवाद आणि गाणी त्यांनी लिहिली. रंगाच्या डब्यापासून दौतीपर्यंतचे अंतर त्या काळी एकाच आवाराइतके होते. आवारात शिरणे महत्त्वाचे, मग ते कोणत्या दारातून शिरलात ह्याला फारसे महत्त्व नसे.

प्रभात कंपनीचे शांताराम आठवले ह्यांची कथा ह्याहून हृद्य आहे. १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठी एका प्रसंगाला अनुरूप अभंग हवा होता. गाथेत मनासारखा सापडेना, तेव्हा आठवल्यांनी तो स्वतः रचला. भाषा, लय आणि विचार इतके जुळले, की अनेकांनी तो तुकोबांचाच समजला आणि जाणकारही गाथेची पाने उलटून पाहू लागले. कवीच्या दृष्टीने ह्याहून मोठी पावती कोणती? आणि ह्याहून मोठे अदृश्य होणे तरी कोणते? दुसऱ्याच्या मुखासाठी लिहिणाऱ्याचे यश हे, की त्याचा मागमूस राहू नये. आठवल्यांना ते पूर्णत्वाने साधले.

बॉम्बे टॉकीजमध्ये कवी प्रदीप आले ते कविसंमेलनाच्या वाटेने. मध्य प्रदेशातील बडनगरचे हे रामचंद्र द्विवेदी. मुंबईच्या एका संमेलनात त्यांचे काव्यवाचन कंपनीच्या माणसाच्या कानी पडले, हिमांशु राय ह्यांनी त्यांना बोलावून घेतले आणि दरमहा २०० रुपयांवर ठेवले. १९३९ च्या 'कंगन'पासून त्यांची गाणी सुरू झाली. १९४३ च्या 'किस्मत'मध्ये त्यांनी परकीयांना देश सोडून जाण्यास बजावणारे गाणे लिहिले. तेव्हा युद्ध चालू होते. शत्रू म्हणून जर्मन आणि जपानी ह्यांची नावे गाण्यात घातली असल्यामुळे ते परीक्षकांच्या हातून सुटले. प्रेक्षकांना खरा रोख कोणाकडे आहे हे समजण्यास क्षणही लागला नाही. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. पगारी कवी काय करू शकतो, ह्याचे हे उदाहरण आहे. काम मालकाचे, चाल संगीतकाराची, गळा दुसऱ्याचा. ह्या तिन्ही बंधनांतून निसटून त्याने आपल्याला म्हणावयाचे ते म्हटले.

एव्हाना आणखी एक स्थित्यंतर घडून आले होते. १९३५ पासून पार्श्वगायनाची सुरुवात झाली आणि पडद्यावर ओठ हलविणारा निराळा, गाणारा निराळा असे झाले. कवी आता श्रोत्यापासून दोन पडद्यांआड गेला. गाणाऱ्याचीही अवस्था प्रथम बरी नव्हती. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव म्हणून 'कामिनी' असे, म्हणजे चित्रपटातील पात्राचेच नाव छापलेले होते. लता मंगेशकरांचा आवाज होता आणि नाव एका काल्पनिक स्त्रीचे. परंतु आवाज कानाला ओळखू येतो, त्याची विचारणा होते. लोकांनी रेडिओकडे चौकशी केली आणि गायिकेचे नाव प्रकट झाले. शब्दाला असा ओळखीचा पोत क्वचितच असतो. पात्र बदलले की भाषा बदलावी लागते आणि जो कवी ती जितकी चांगली बदलतो, तितका तो ओळखू येईनासा होतो.

ह्या सुमारास मराठीत तबकडीच्या रूपाने एक दुसरी वाट निघाली. १९३२ साली जी. एन. जोशी ह्यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे ह्यांची कविता गाऊन तबकडी काढली आणि भावगीताचे युग सुरू झाले. येथे कविता आधी होती, चाल मागून आली. ग्वाल्हेर, इंदूर, देवास अशा संस्थानी मुलखात आयुष्य घालविलेले भास्कर रामचंद्र तांबे १९४१ साली निवर्तले. त्यांच्या कविता घरोघरी पोचल्या त्या त्यांच्या पश्चात, लताबाईंच्या आवाजात. तांब्यांनी त्या कोणा गायिकेसाठी लिहिल्या नव्हत्या. महाराष्ट्रापासून दूर बसून त्यांनी आपल्यासाठी लिहिले आणि गळा शोधीत गळा आला. हे भाग्य थोड्यांचे. ज्याला ह्याच लेखणीवर संसार चालवावयाचा, त्याला गळ्याची वाट पाहत बसता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पगार देणाऱ्या चित्रसंस्था एकामागून एक कोसळल्या. युद्धात अमाप पैसा मिळविलेले लोक एकेका चित्रपटापुरते निर्माते होऊन आले आणि स. का. पाटील ह्यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात ह्या बेबंद स्थितीचे वर्णन करून ठेवले. गीतकाराच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की महिन्याचा पगार संपला आणि गाण्यामागे रक्कम ठरू लागली. आता दार ठोठावणाऱ्यांची गर्दी झाली. फाळणीने पंजाबातून लोंढा आला होता, तशी उत्तर प्रदेशातून शायरांची रीघ लागली होती. ह्यांतले आत कोण गेले आणि कसे?

मजरूह सुलतानपुरी हे शिक्षणाने युनानी हकीम. १९४५ साली एका मुशायऱ्यासाठी मुंबईस आले. निर्माते ए. आर. कारदार ह्यांनी त्यांचे वाचन ऐकून चित्रपटासाठी लिहिण्याविषयी विचारले. मजरूहांना हा धंदा हलका वाटत होता. जिगर मुरादाबादी ह्यांनी समजूत घातली तेव्हा ते तयार झाले. मग नौशादांनी त्यांची परीक्षा घेतली. परीक्षा अशी, की एक चाल ऐकवावयाची आणि म्हणावयाचे, हिच्यावर लिहा. त्यात ते उतरले आणि १९४६ च्या 'शाहजहाँ'मध्ये कुंदनलाल सैगल त्यांचे शब्द गायले. मुशायऱ्यातली वाहवा दारापर्यंत नेते, दार उघडते ते चालीच्या परीक्षेने, हा नियम ह्या एका प्रसंगात पाहावयास मिळतो.

ती परीक्षा म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल वाजवितो. शब्द नसतात म्हणून तो निरर्थक अक्षरे किंवा तोंडाला येईल ते बोल घालून गुणगुणतो. कवीने त्यातून मात्रांचे माप पकडावयाचे, ज्याला ह्या धंद्यात 'मीटर' म्हणतात. मुखडा असा हवा, की एकदा ऐकून ध्यानात राहावा, कारण तो प्रत्येक अंतऱ्यानंतर परत यावयाचा असतो. अंतऱ्याची शेवटची ओळ मुखड्याकडे आपोआप वळली पाहिजे. स्वर लांबवावयाचा असेल तेथे 'आ'कारान्त वा 'ए'कारान्त अक्षर हवे, तान घ्यावयाच्या जागी जोडाक्षर आले तर गायकाचा घसा अडतो. पुन्हा प्रसंग दिग्दर्शकाने ठरविलेला, पात्र अडाणी की शिकलेले हे कथेने ठरविलेले आणि वेळ तीन-साडेतीन मिनिटे, कारण अठ्ठ्याहत्तर गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर तितकेच मावे. ह्या चौकटीत नाममुद्रेला जागा कोठून असणार? मुशायऱ्यात शेवटच्या शेरात आपले नाव घेणारा शायर चित्रपटाच्या दारात चपला काढाव्यात तसे आपले नाव काढून ठेवून आत गेला. पडद्यावरचा नायक गाण्याच्या अखेरीस मजरूहचे नाव कसे घेईल?

शैलेंद्र हे ह्या दारात प्रथम मागे फिरले. मुंबईत माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात ते काम करीत आणि संध्याकाळी सभांतून, विशेषतः जननाट्य संघाच्या कार्यक्रमांतून, कविता म्हणत. पंजाबच्या होरपळीवरची त्यांची कविता ऐकून राज कपूर ह्यांनी ती आपल्या चित्रपटासाठी विकत मागितली. शैलेंद्रांनी नकार दिला. कविता विकावयाची नसते, अशी त्यांची धारणा होती. पुढे संसारात नड निर्माण झाली, पत्नी गरोदर होती, तेव्हा ते स्वतः होऊन राज कपूरांकडे गेले. १९४९ च्या 'बरसात'साठी दोन गाणी लिहिली आणि ५०० रुपये मिळाले. ह्या घटनेत कोणाला शरणागती दिसेल. मला तसे वाटत नाही. कारखान्यातल्या माणसाला श्रमाचे मोल घेण्यात लाज कसली? ज्या साध्या, बोलीतल्या शब्दांत ते कामगारांच्या सभेत बोलत, तेच शब्द त्यांनी पुढे सतरा वर्षे चित्रपटाला दिले. भाषा त्यांनी विकली नाही, फक्त तिचा पत्ता बदलला.

त्याच 'बरसात'चे दुसरे गीतकार हसरत जयपुरी मुंबईत बसवाहक होते. पृथ्वीराज कपूर ह्यांनी त्यांना एका मुशायऱ्यात ऐकले आणि मुलाकडे शिफारस केली. राजेंद्र कृष्ण तर १९४२ पर्यंत सिमल्याच्या नगरपालिकेत कारकून होते. नोकरी सोडून ते मुंबईस आले आणि १९४७ पासून त्यांची गाणी चित्रपटांतून येऊ लागली. १९५१ च्या 'अलबेला'ची आठवण येथे अवश्य करावी. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा पालव, संगीतकार पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, गायिका लता मंगेशकर. सगळा मराठी मेळा आणि त्यांच्या तोंडी शब्द मात्र सिमल्याच्या एका माजी कारकुनाचे! त्या गाण्यांवर अवघा हिंदुस्थान डोलला. परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या देवघेवीचे मोल निराळे सांगावयास नको.

भगवानदादांचेच नाव आणखी एका प्रवेशाशी निगडित आहे. सैन्यातली नोकरी सोडून आलेल्या आनंद बक्षी ह्यांना १९५८ च्या 'भला आदमी'त पहिली संधी त्यांनी दिली. तरी खरे नाव होण्यास १९६५ उजाडावे लागले. मधली सात वर्षे उमेदवारीत गेली. पुढे तीन हजारांहून अधिक गाणी लिहिणाऱ्या माणसाची ही सात वर्षे नव्या उमेदवारांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. मोटारीच्या गॅरेजमध्ये काम करणारे गुलजार १९६३ च्या 'बंदिनी'त आले ते शैलेंद्रांच्या आग्रहाने. त्या वेळी शैलेंद्र आणि सचिन देव बर्मन ह्यांच्यात बेबनाव होता. स्वतःची रिकामी झालेली जागा शैलेंद्रांनी एका तरुणाला दाखविली आणि त्याला बिमल रॉय ह्यांच्याकडे जाण्यास भाग पाडले. समेट झाल्यावर उरलेली गाणी शैलेंद्रांनीच लिहिली. गुलजारांच्या वाट्याला आलेले एकच गाणे, परंतु ते पुरेसे ठरले. बिमलदांनी त्यांना परत गॅरेजात जाऊ दिले नाही, साहाय्यक म्हणून ठेवून घेतले. ह्या साऱ्या कथांत अर्ज करून, पत्र पाठवून कोणी आत गेल्याचे दिसत नाही. कोणाच्या तरी कानी पडणे, आवारात काही तरी काम करीत असणे, किंवा धंद्यातल्याच एखाद्या थोर मनाच्या माणसाने आपली जागा सरकवून देणे, ह्या तीनच वाटा दिसतात.

मराठीत ग. दि. माडगूळकर दुसऱ्या वाटेने आले. औंध संस्थानातला, मॅट्रिकला नापास झालेला हा मुलगा कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत बारीकसारीक भूमिका करी. वि. स. खांडेकरांचा लेखनिक म्हणून त्याने काम केले. दुसरा सांगतो आणि आपण लिहितो, ही उमेदवारी दुसऱ्यासाठी लिहिण्याची उत्तम शाळा ठरली असल्यास आश्चर्य नाही. १९४२ साली 'भक्त दामाजी' आणि 'पहिला पाळणा' ह्यांत गीतलेखनाची संधी मिळाली. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'त जुन्या शाहिराच्या रचनेशेजारी त्यांची नवी रचना अशी बसली, की सांधा दिसू नये. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक ह्याप्रमाणे 'गीतरामायण' सुरू झाले. सुधीर फडके ह्यांच्या चाली आणि छप्पन गीते. प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या मुखी, निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायलेले. चित्रपटात शिकलेला परकायाप्रवेश त्यांनी येथे अशा ठिकाणी वापरला, की कवी झाकला जाण्याऐवजी उजळून निघाला. ह्याचे एक साधे कारण आहे. आकाशवाणीने कवीचे नाव प्रारंभापासून कार्यक्रमाशी जोडलेले होते.

चित्रपटगीतांना हा मान आकाशवाणीवरही सहजासहजी मिळाला नाही. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना १९५२ पासून चित्रपटगीतांची गळचेपी झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला ते परत आणावे लागले. गीतकाराचे नाव गायकाबरोबर उच्चारले जावे ह्यासाठी साहिर लुधियानवी ह्यांनी धरलेला आग्रह प्रसिद्ध आहे. दुसरीकडे शांताबाई शेळके ह्यांच्यासारख्या कवयित्रीची काही गाणी 'वसंत अवसरे' ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाली, म्हणजे श्रोत्यांना गीतकाराच्या नावाने एका अस्तित्वातच नसलेल्या पुरुषाची ओळख झाली. नावाचा हा खेळ असा नाना रीतींनी चालू राहिला.

नावामागोमाग प्रश्न येतो तो वाट्याचा. १८४७ साली पॅरिसात एर्नेस्ट बूर्जे नावाचा गीतलेखक एका उपाहारगृहात बसला असता त्याचीच रचना तेथे गायली जात होती. पेयांचे बिल आले तेव्हा त्याने ते देण्याचे नाकारले. तुम्ही माझे गाणे फुकट वापरता, मी तुमचे पेय फुकट घेतो, असा त्याचा युक्तिवाद. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि १८५१ मध्ये गीतकार-संगीतकारांची हक्कवसुली करणारी संस्था फ्रान्समध्ये स्थापन झाली. आपल्याकडे १९५७ चा लेखनाधिकार कायदा झाला. त्यातील सतराव्या कलमान्वये नोकरीत असताना केलेल्या कृतीचा, तसेच मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला स्वामी करवून घेणारा ठरतो. १९६९ साली भारतीय गीतकार-संगीतकारांनी आपली संस्था काढली आणि चित्रपटगृहे, नभोवाणी आदींकडून शुल्क मागण्यास आरंभ केला. निर्मात्यांनी हरकत घेतली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. उलट करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गाण्यावर त्या वापरापुरता निर्मात्याचा हक्क, असे त्याचे सार. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात, गाणाऱ्या कलावंताला आपल्या कायद्यात स्थान नाही, ह्याकडे संसदेचे लक्ष वेधले. उलट करार करून घेण्याइतके बळ कोणत्या नवख्या गीतकाराच्या अंगी असणार? दारात उभ्या असलेल्या माणसाला अटी घालता येत नाहीत. जे त्याने उंबरठ्यावर ठेवले ते कायद्याने आता मालकाच्या घरातच ठेवले.

त्याच १९७७ च्या १४ डिसेंबरला माडगूळकर गेले. अकरा वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, नेमक्या ह्याच तारखेला शैलेंद्र गेले होते, 'तीसरी कसम'च्या निर्मितीत सर्वस्व पणाला लावून, कर्जाने खचून. तिथीच्या योगायोगाला अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. तरीही दुसऱ्यांच्या मुखांना आयुष्यभर शब्द पुरविणाऱ्या ह्या दोघांची आठवण एकाच दिवशी यावी, ह्यात काही औचित्य वाटते खरे. आपल्या गाण्यांच्या प्रत्येक पुनरुच्चाराला एखादा पैसा शैलेंद्रांना मिळता, तर त्यांच्या कर्जाचे काय झाले असते, हा हिशेब मात्र मनात आल्याशिवाय राहत नाही.

पस्तीस वर्षांनी चित्र पालटले. २०१० साली राज्यसभेवर नियुक्त झालेले गीतकार जावेद अख्तर ह्यांनी हा विषय लावून धरला आणि मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी लेखनाधिकार कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. तीनुसार चित्रपटात समाविष्ट गीताच्या वा संगीताच्या कर्त्याला, चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून अन्य वापरांपासून येणाऱ्या स्वामित्वधनातला समान वाटा सोडून देता येत नाही. वारसांना किंवा लेखनाधिकार संस्थेला तो देता येतो, इतर कोणाशी केलेला तसा करार निरर्थक ठरतो. ह्या 'सोडून देता येत नाही' ह्या शब्दांत सारे मर्म आहे. कायदा कवीला काही नवे देत नाही. दारात उभे असताना नड म्हणून, भीड म्हणून तो जे देऊन टाकतो, ते देऊ नकोस, एवढेच बजावतो. दुबळ्याचा हात धरणारा हा कायदा आहे.

नावाचे मात्र अद्याप पुरते मिटले असे म्हणता येत नाही. तबकडी गेली, फीत गेली, आता दूरध्वनीच्या पडद्यावर गाणे ऐकू येते आणि त्या पडद्यावर गायकाचे छायाचित्र असते. २०२० साली हिंदी गीतकारांनी आमची नावे द्या, अशी मागणी करणारे एक गाणेच मिळून रचले. त्यांत इंदूरचे मराठी स्वानंद किरकिरे होते, जे दिग्दर्शकाचा साहाय्यक म्हणून आवारात शिरले आणि आपले गाणे चित्रपटात गेल्याने गीतकार झाले. वाट तीच जुनी, केदार शर्मांची आणि गुलजारांची. होनाजीने शेवटच्या कडव्यात जे एका श्वासात साधले, त्यासाठी दोनशे वर्षांनी कवींना स्वतंत्र गाणे लिहावे लागले.

असो. नभोवाणीवर वा अन्यत्र आवडते गाणे लागले, की आपण गायकाचे नाव घेतो, संगीतकाराचे घेतो. पुढच्या खेपेस क्षणभर थांबून, हे लिहिले कोणी, असे घरात विचारून पाहावे. ज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे लिहिले आहेत, त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इतरांपेक्षा थोडा अधिकच आहे.